दीड कोयता

"साहेब, पोरीनं पाण्याची मोटार खोलली तर सरकार धरून नेतंय का?"

जाईनं विचारलं आणि शाळेच्या व्हरांड्यात बसलेली सगळी सभा वळून बघायला लागली. मग अशी फुटली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. म्हातारी माणसं हसली, पोरं हसली, खुद्द दूध सोसायटीचे चेअरमन सुंदरराव मांडीवर थाप मारून हसले. मागच्या खांबाला टेकलेल्या तिच्या मैत्रिणी छबी आणि सरू तर तोंडात ओढणी कोंबून आडव्या झाल्या होत्या.

सगळी करणी त्या दोघींचीच. धारूरच्या प्रशिक्षण केंद्रातून आलेले निवृत्ती सर मघापासून समजावून सांगत होते की ज्यांची शाळा मधेच सुटली अशा पोरापोरींसाठी सरकारनं कामं शिकवायची सोय केलीये; तीन महिन्यांची शिकवणी फुकट, एसटीचा पास फुकट, शेवटी हत्यारांची पेटीही मिळणार. पोरींना शिलाई आणि ब्युटी पार्लर, पोरांना मोटार दुरुस्ती आणि वायरिंग.

"ब्युटी पार्लर!" छबी कुजबुजली होती. "आपल्या गावात भुवया कोरून घ्यायला कोण येणार गं? म्हशी?"

"जाई, तू विचार की मोटारीचं," सरूनं कोपर मारलं. "घरातला पंखा खोलून बसतीस ना? हाय का हिंमत? विचारलंस तर माझ्याकडून लाल पेप्सी."

बर्फाच्या एका लाल कांडीसाठी जाईनं विचारलं. आणि आता उभी होती, कान तापलेले, बसावं की पळावं ते कळेना.

निवृत्ती सर हसले नाहीत. चष्मा पुसून म्हणाले, "सरकार धरून नेत न्हाई. मी नेतो. सोमवारच्या पहिल्या एसटीनं धारूरला. येतीस का?"

पेप्सी जाईनं जिंकली, पण खायची शुद्ध कुणाला होती!

आता जाईची शाळा कशी सुटली तेही सांगायला हवं. तिनं ती सोडली नव्हती. बैलगाडीच्या मागून एखादं पोतं घसरावं आणि गाडीवानाला पत्ताही नसावा, तशी ती तिच्या हातून निसटली होती. नववीत दसरा झाला आणि आई-आबा उसाला निघाले. दरवर्षी जाई गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायची, त्या वर्षी आईचं कंबरडं धरलं म्हणून तिला बरोबर जावं लागलं. कारखान्याच्या फडात आबानं ऊस तोडायचा, आईनं उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं छाटायचं, जाईनं मोळ्या बांधायच्या, आणि उरल्या वेळात कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या चुलीवर सगळ्यांच्या भाकरी. चैत्रात परत आली तेव्हा तिचा वर्ग दहावीच्या गप्पा मारत होता. आपल्याहून लहान पोरांत पुन्हा नववीला बसायची तिला लाज वाटली. आज जाते, उद्या जाते, करता करता वर्ष गेलं.

आणि कारखान्याच्या हिशेबात माणसं नसतात, कोयते असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. जाईच्या हाताला मोळीची गाठ बसली तसा मुकादम आबाला म्हणायला लागला, "ज्ञानोबा, पुढच्या साली दीड कोयता धरू न्हवं?" आबा नुसतं हुं करायचा. ते हुं म्हणजे होय, हे जाईला ठाऊक होतं.

धारूरला जायला मात्र आबा चटकन तयार झाला. "दसऱ्यापस्तोर रिकामीच हाय, जाऊ द्या," तो आईला म्हणाला. "घरातला पंखा तरी धड व्हईल."

केंद्रात पहिल्या दिवशी जाई दारात दिसली तशी पोरं म्हणाली, "शिलाईचा वर्ग वर हाय, जिन्यानं."

"मला दिसतोय जिना," जाई म्हणाली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली.

महिनाभरात ती केंद्राची होऊन गेली. तांब्याच्या तारेचे वेढे घालताना तिची बोटं अशी चालायची की वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या पोरी बघायला खाली यायच्या. चुकायचीही झकास. एकदा तिनं तीन फेजची मोटार जोडली, कळ दाबली, मोटार घूं घूं करून जोरात फिरायला लागली. जाईनं वळून सगळ्यांकडं बघितलं, जणू विमान उडवलं होतं. निवृत्ती सरांनी मोटारीच्या अंगावर कोरलेला बाण दाखवला. बाण डावीकडं, मोटार उजवीकडं.

"दोन तारांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरती," सर म्हणाले. "आवाज करती, वीज खाती, पाणी मात्र नावाला. लई पुढारी असे बघितलेत मी."

वर्ग हसला. जाई सगळ्यात मोठ्यानं हसली. हसणं अंगावर आलं तर आपणही त्यात उडी मारायची, हे ती त्या व्हरांड्यातल्या सभेपासून शिकली होती.

सरांनी आणखी एक काम केलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला. शाळा सुटलेल्यांना त्या फॉर्मवर बाहेरून दहावीला बसता येतं. गावच्या हायस्कूलचे हेडमास्तर म्हणाले, "नाव बाहेरचं असलं तरी बाक आतलाच घे. वर्गात येऊन बसत जा." परीक्षा मार्चात. आणि मार्चात आई-आबा असणार उसाच्या फडात. जाईनं सही केली आणि तो विचार बाजूला ठेवला. दसरा अजून लांब होता.

पण त्या वर्षी दसरा लांब असला तरी दुष्काळ दारातच होता. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. पेरलेलं उगवलं तेवढं माना टाकून वाळलं. शिवारातले बोअर एकेक करून मेले. पोरांना नवा खेळच सापडला होता: मेलेल्या बोअरमध्ये खडा टाकायचा आणि कान लावून बसायचं. किती तरी वेळानं खालून कोरडा 'ठक्' यायचा.

गाव तगून होतं ते दुधावर. घरटी एक-दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ सोसायटीत दूध. आणि सोसायटी तगून होती ती तिच्या बोअरवर. कॅन धुवायला तेच पाणी, जनावरांच्या हौदाला तेच. जाईची केशर आत्या सोसायटीत दूध मोजून घ्यायची. ती म्हणायची, "हा बोअर आटला की आपण दुधाच्या जागी धूळ मोजायची."

गहिनीनाथ पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून आधीच सांगून ठेवलं होतं, "सोसायटीचं पाणी पोळ्यापस्तोर. फुडं देवाची मर्जी." गहिनीनाथाच्या नारळावर गावाचा कोर्टाच्या निकालाएवढा भरवसा.

पोळा झाला. त्याच आठवड्यात सोसायटीजवळची विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळली. गावानं ट्रॅक्टर जोडून दुसरी आणली, वायरमननं ती चढवली, आणि तो घाईनं पुढच्या गावाला गेला. केशर आत्यानं मोटार चालू केली तर धार करंगळीएवढी.

"आटला," सुंदरराव म्हणाले.

"आटला," गाव म्हणालं. गहिनीनाथानं फक्त टोपी नीट केली. त्या डीपीवरचे बाकीचे बोअर कधीच संपले होते, त्यामुळं ताडून बघायलाही दुसरी मोटार नव्हती. सुंदररावांनी सिरसाळ्याहून बोअर पाडायची गाडी बोलावली आणि गहिनीनाथाला नवी जागा बघायला सांगितलं.

त्याच संध्याकाळी मुकादम घरी आला, चहा प्याला आणि जाता जाता म्हणाला, "ज्ञानोबा, दुधाचंबी आता खरं न्हाई. दीड कोयता पक्का धरतो."

या खेपेला आबानं हुं केलं नाही. सरळ "धर" म्हणाला.

 जाईनं आईकडं बघितलं. आई चुलीकडं बघत होती.

"आबा, बोअर आटला न्हाई," जाई म्हणाली. कसं काय म्हणाली ते तिलाही कळलं नाही. "मोटारीतले पंखे झिजले असत्याल. आमाला शिकवलंय. पंखे झिजले की धार बारीक व्हती. मोटार वर काढून बघा."

"गहिनीनाथापेक्षा तुला जास्त कळतंय व्हय?"

"मोटारीतलं कळतंय."

आबा तिच्याकडं वळला. मग म्हणाला, "बरं. काढू वर. तुझं खरं निघालं तर तू हितं ऱ्हाय, तुझी परीक्षा दे. खोटं निघालं तर उसाला यायचं, तोंड वाकडं न करता. हाय कबूल?"

"कबूल," जाई म्हणाली.

आबानं सुंदररावांना कसं पटवलं कुणास ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी बोअरवर बल्ल्यांची घोडी उभी राहिली, साखळीची कप्पी लागली आणि आठ-दहा गडी पाईप ओढायला लागले. आबा मोठा पान्हा घेऊन एकेक पाईप उघडत होता. ऊन असं की पाईपाला हात लावला तर चटका बसावा. बघायला सगळं गाव. हौदाच्या कठड्यावर छबी आणि सरू चढून बसल्या होत्या.

"इंजिनेर मॅडम, सावलीला या, काळ्या पडताल!" कुणीतरी ओरडलं.

"काळी हायच मी, तुमी तुमचं बघा!" जाईनं परतवलं. लोक हसले.

मोटार वर आली. चिखलानं माखलेली, लांबलचक, एखाद्या मोठ्या माशासारखी. जाईनं खाली बसून पंपाचं तोंड उघडलं. केंद्रातून आणलेल्या पान्ह्यानं एकेक चकती बाजूला केली. पंखे बाहेर आले.

पंखे नव्यासारखे होते. कडा धारदार, एकही झिजलेला नाही.

जाईनं ते पुसले. पुन्हा बघितले. फिरवून बघितले. पंखे काही झिजायला तयार होईनात.

"काय इंजिनेर, झिजलेत का?" सुंदररावांनी विचारलं.

"न्हाई," जाई म्हणाली. "चांगलेत. मी चुकले."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांच्या घामेजल्या तोंडांकडं बघायची तिची छाती होईना. आबानं पान्हा खाली ठेवला, तोही हळू, आवाज न करता. "चला," एवढंच म्हणाला. जाईच्या डोळ्यांपुढं उसाचा फड उभा राहिला, वाढ्याची टोकदार पानं, कोपीतला धूर, आणि हायस्कूलचा तो बाक, रिकामा.

मागं हौदाजवळ एक बारकं पोरगं मोकळ्या झालेल्या बोअरमध्ये खडा टाकत होतं. इतके दिवस आत मोटार होती म्हणून या बोअरमध्ये खडा टाकायची सगळ्यांना बंदी होती. खडा अडकून मोटार बसली तर कोण निस्तरणार? आज मोकळीक होती.

"डुबुक."

जाईनं मान वर केली. आवाज लगेच आला होता.

"आणखी एक टाक रे," ती म्हणाली.

डुबुक. लगेच. भरल्या रांजणात वाटी पडावी तसा.

 गहिनीनाथ पुढं आला, त्यानं स्वतः एक खडा सोडला. डुबुक. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"पाणी हाय," जाई म्हणाली. तिचे शब्द धावायला लागले. "लई पाणी हाय! पंखे चांगलेत, पाणी हाय, मग धार कावून न्हाई? डीपी बदलल्यावर धार गेली ना, आत्या? त्याच दिवशी ना?"

"त्याच दिवशी," केशर आत्या म्हणाली. "सकाळी डीपी चढली अन् दुपारी धार गेली."

"आबा, मोटार हितंच जोडा. टिपाडात पाणी घ्या, मोटार त्यात उभी करा. डोळ्याची पापणी लवती तेवढा वेळच चालू करायची. आबा, जोडा की!"

आबा हलला नाही. सुंदररावच म्हणाले, "अरं जोड की ज्ञानोबा. इतकी काढलीच हाय तर आणखी पाच मिनिटं."

मोटार टिपाडात उभी राहिली. केबल स्टार्टरला जोडली. जाई टिपाडावर वाकली, मोटारीच्या वरच्या टोकाला डोळे लावून. अंगावरचा बाण तिनं ओढणीच्या पदरानं पुसून काढला. "दाबा," ती म्हणाली. घूं झालं. "बंद!"

बाण एकीकडं होता. दांडा दुसरीकडं फिरला होता.

"उलटी!" जाई किंचाळली. "उलटी फिरतीय! दोन तारांची अदलाबदल झालीय डीपी चढवताना. बोअर आटला न्हाई, मोटार उलटी फिरतीय, आबा!"

वीज बंद करून तिनं स्टार्टर उघडला, दोन तारा सोडवल्या, इकडची तिकडं केली, पेच घट्ट पिळले.  पुन्हा दाबलं. या वेळी दांडा बाणाच्या मागं मागं गेला, शहाण्या बैलासारखा.

मग पंखे-चकत्या पुन्हा बसवून मोटार खाली सोडायची होती, सगळे पाईप पुन्हा जोडायचे होते. कुणी कुरकुरलं नाही. सकाळी ओढताना जे गडी शिव्या घालत होते तेच आता "हळू, हळू, सांभाळून" म्हणत होते. बोअरची गाडी सिरसाळ्याहून येऊन रस्त्याकडेला उभी राहिली होती. तिचा ड्रायव्हर खाली उतरून तोही पाईपाला लागला. दिवस कलताना शेवटचा पाईप बसला. केशर आत्यानं देवाचं नाव न घेता, जाईचं नाव घेऊन कळ दाबली.

पाईपातून आधी हवा आली, मग गढूळ पिचकारी, आणि मग मनगटाएवढी जाड धार हौदात अशी कोसळली की कठड्यावरच्या छबी-सरू चिंब झाल्या. म्हशींनी दाव्यांना हिसके दिले. बायका कळश्या घेऊन धावल्या. कुणी ओरडत होतं, कुणी शिट्ट्या मारत होतं. जाई चिखलानं भरलेले हात तसेच धरून उभी होती, आणि तिला वाटत होतं की आपण एक वीत उंच झालोय. खरंच वाटत होतं. कुर्त्याच्या बाह्या तोकड्या पडल्यासारख्या.

आबानं हौदात हात बुडवला, ओला हात तोंडावरून फिरवला. मग तो शेजारच्या माणसाला म्हणाला, मुद्दाम मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझी पोर हाय."

घरी आल्यावर आईनं जाईला चुलीपाशी बसवून गरम भाकरी वाढली, वर दुधाची साय घातली. आबा दारातच बसला होता. पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगत होता, जणू आई बोअरवर नव्हतीच.

"चेरमननं सांगितलंय, उद्यापासून सोसायटीच्या मोटारीवर जाई. दिवसभर ऱ्हायचं, आजूबाजूच्या गावांच्या मोटारीबी त्यांच्याकडं येत्याल, त्या दुरुस्त करायच्या. मुकादमाला मी सांगून आलो, यंदा एकच कोयता. झालं! पोरीची फिकीर मिटली." मग तो जाईकडं वळला. "तसं तुझं पंखे झिजलेलं खोटंच निघालं बरं का. कबूल केलं व्हतंस तू."

"निघालं खोटं," जाई म्हणाली.

"मग? चेरमनचं काम मिळालं, आता ते सतरा नंबरचं सोडून दे. काम हाताशी असताना दहावी कशाला पायजे? उगी वर्षभर डोकं खाजवायचं."

आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

जाईनं घास खाली ठेवला. दुपारी सगळ्या गावापुढं ती चुकली होती आणि सगळ्या गावापुढंच ती बरोबर ठरली होती, आणि दोन्ही वेळा जमीन तिच्या पायाखाली जागच्या जागी होती. मग घरातल्या दोन माणसांपुढं कसली भीती? ती उभी राहिली, ताटाच्या बाजूनं पलीकडं गेली आणि दोघंही समोर दिसतील अशी भिंतीला टेकली.

"आबा, आई, ऐका. मी यंदा उसाला येणार न्हाई. केशर आत्याकडं ऱ्हाणार. सोसायटीची मोटार मी बघीन, पर दुधाच्या येळंला, सकाळी अन् सांजच्याला. चेरमनला ते उद्या मीच जाऊन सांगते. मधला दिवस मी हायस्कुलात बसणार, लहान पोरांच्यात बसावं लागलं तरी. सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या मोटारी. आन मार्चात मी दहावीचे पेपर देणार. तुमी दोघं फडातून घरी याल तवर माझे समदे पेपर झालेले असत्याल."